रंगाचें पाणी आणि विकरांचें गणित



सोलापूरची चादर ज्या घरांत नाहीं असें महाराष्ट्रांतील घर विरळा. तिची वीण, तिचा टिकाऊपणा, तिच्यावरील मोर आणि फुलें यांविषयीं आजवर पुष्कळ बोललें गेलें आहे. परंतु सुताला रंग देऊन झाल्यावर जें पाणी उरतें त्याचें पुढें काय होतें, या प्रश्नाकडे चादर पांघरणाराचें लक्ष सहसा जात नाहीं. आज मी त्या उरलेल्या पाण्याचा इतिहास सांगणार आहें. हा इतिहास सोलापुरांतून निघून मुंबई, मँचेस्टर, बर्लिन, केंब्रिज असा फिरतो व पुन्हां आपल्याच मुलखांत येतो. आणि वाटेंत त्याला एक लहानसें समीकरण भेटतें. समीकरणाचें नांव ऐकून कोणी रेडिओ बंद करूं नये. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहें. ज्यास त्रैराशिक येतें त्यास तें समजेल. ज्यास तेंहि येत नाहीं त्यानें माग चालतांना पाहिला असला म्हणजे पुरे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील रंग झाडाझुडपांतून येत. तांबड्यासाठीं आलाचीं मुळें, निळ्यासाठीं नीळ, पिवळ्यासाठीं हळद, गुलाबीसाठीं करडईच्या फुलांचा कुसुंबा. सोलापूर जिल्ह्यांत निळीचें काम करणाऱ्यांची निराळी या नांवाची स्वतंत्र जातच होती. या रंगांचें पाणी ओढ्यांत सोडलें तर ओढा घटकाभर रंगे. पण तें द्रव्य वनस्पतींतलेंच असल्यामुळें मातींतील सूक्ष्म जंतूंना तें परकें नव्हतें. १८५६ सालीं विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलानें दगडी कोळशाच्या डांबरांतून निघणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला, आणि रंगाऱ्याचा धंदा शेतांतून प्रयोगशाळेंत गेला. दोनच वर्षांनीं, १८५८ मध्यें, पीटर ग्रीस या जर्मन रसायनज्ञानें अशी एक क्रिया शोधून काढली कीं जिच्यायोगें पुढें दोन कड्यांच्या मधोमध नत्राचे दोन अणु सांध्यासारखे बसवितां येऊं लागले. या सांध्याला ॲझो-बंध म्हणतात. कड्या बदलल्या कीं रंग बदलतो, सांधा तोच. १८८४ मध्यें निघालेल्या काँगो रेड या रंगानें तर रंगाऱ्याची तुरटीहि वांचविली. नुसत्या मिठाच्या पाण्यांत सूत उकळलें कीं तें तांबडें होई.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला आपण जुनी गिरणी म्हणून ओळखतों, ती १८७७ सालीं सुरू झाली. म्हणजे आपल्या गांवचा पहिला भोंगा आणि हे सांध्याचे रंग साधारण एकाच पिढीचे. पुढें गिरण्या वाढल्या, तेलंगणांतून पद्मशाली विणकर येऊन वसले, हातमागाच्या जागीं यंत्रमाग आले, गिरण्या एकामागून एक बंदहि पडल्या. रंग मात्र राहिले. १९५६ पासून धाग्याशीं रासायनिक गांठ बांधणारे नवे रंग बाजारांत आले, तरी त्यांतहि बहुतेकांच्या पोटांत तोच ॲझो-सांधा आहे. आज कापडास लागणाऱ्या कृत्रिम रंगांपैकीं निम्म्याहून अधिक रंग या एका कुळांतले आहेत. ऊन, साबण आणि घाम या तिघांना दाद न देणें हीच त्यांची ख्याति. आणि जो रंग उन्हाला व साबणाला दाद देत नाहीं तो ओढ्यांत गेल्यावर तेथील जंतूंनाहि सुखासुखी दाद देत नाहीं. शिवाय पाण्याच्या एका लिटरांत एक मिलिग्रॅम रंग असला तरी तो डोळ्यांना दिसतो. रंगीत पाण्याची तक्रार लोक लवकर करतात ती यामुळेंच.

पण डोळ्यांना दिसतो तो दोष लहान, आणि न दिसणारा मोठा. १८९५ सालीं फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शस्त्रवैद्यानें रंगाच्या कारखान्यांतील मजुरांच्या मूत्राशयांत गांठी होत असल्याचें प्रसिद्ध केलें. पुढील कित्येक वर्षांच्या तपासांत खरा संशय ज्या द्रव्यांपासून हे रंग बनतात त्या अमाइन नांवाच्या द्रव्यांवर येऊन ठेपला. काँगो रेडचें मूळ द्रव्य बेंझिडीन हें त्यांतलेंच, आणि तें कर्करोग उत्पन्न करतें हें आतां निर्विवाद आहे. आतां गंमत पाहा. ॲझो-सांधा तोडला कीं रंग नाहींसा होतो, आणि ज्या अमाइनांपासून तो बनला होता तीं पुन्हां मोकळीं होतात! म्हणजे पाणी स्वच्छ दिसूं लागतें त्याच क्षणीं तें अधिक घातक झालेलें असण्याचा संभव असतो. म्हणूनच १९९० नंतरच्या दशकांत प्रथम जर्मनीनें व पाठोपाठ आपल्या सरकारनेंहि अशीं घातक अमाइनें सोडणाऱ्या रंगांवर बंदी घातली. बंदीबाहेरच्या रंगांचें काय, हा प्रश्न उरतोच.

घाण पाणी जंतूंकडून शुद्ध करून घ्यावें ही कल्पना या प्रश्नाहून जुनी आहे, आणि तिच्या इतिहासांत मुंबईचें नांव आहे हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. माटुंग्याजवळ १८९० सालीं ॲकवर्थ कुष्ठालय स्थापन झालें. मुंबई नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्याचे इंजिनियर चार्ल्स कार्कीट जेम्स यांनीं १८९७ च्या सुमारास तेथील मैलापाणी बंद टांकींत साठवून जंतूंच्या हवालीं केलें, आणि त्यांतून निघणारा ज्वालाग्राही वायु गोळा करून उपयोगांत आणला. गोबरगॅसचा विचार ज्यांनीं पुढें खेडोपाडीं नेला त्यांचें हें एक प्रकारें पूर्वचरित्रच म्हणावें लागेल.

खरी क्रांति मात्र मँचेस्टरला झाली. तेथील रसायनज्ञ गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्यें अमेरिकेंत जाऊन आले. हवा फुंकलेल्या बाटल्यांत मैलापाणी निवळतें हें त्यांनीं लॉरेन्स या गांवीं पाहिलें होतें. परत येऊन त्यांनीं आर्डर्न व लॉकेट या दोघांस तो प्रयोग करावयास सांगितला. पहिल्या बाटलींतील पाणी पुरतें शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. मग दोघांनीं एक साधी युक्ति केली. वरचें पाणी ओतून टाकलें, तळचा गाळ तसाच ठेवला, आणि त्यावर नवें घाण पाणी घातलें. असें वारंवार करतां करतां पांच आठवड्यांचें काम चोवीस तासांच्या आंत होऊं लागलें. गाळ म्हणजे घाण नव्हे; गाळ म्हणजे काम करणारी फौज! ३ एप्रिल १९१४ रोजीं त्यांनीं हा शोध मँचेस्टरच्या सभेंत वाचून दाखविला. फाउलर साहेब १९१६ मध्यें बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्राध्यापक म्हणून आले व या विद्येचें बीं त्यांनीं हिंदुस्थानांत पेरलें.

पांच आठवड्यांचे चोवीस तास झाले, तर पंचवीसावा तास कां नाहीं आणि बारा तास कां नाहींत? म्हणजेच, या कामाची गति कशावर ठरते? येथें आपणांस जंतूच्या पोटांत डोकवावें लागतें.

जंतूला दांत नाहींत, नखें नाहींत. त्याचीं हत्यारें म्हणजे विकरें, ज्यांना इंग्रजींत एन्झाइम म्हणतात. हीं प्रथिनांचीं बनलेलीं असून दुसऱ्या द्रव्याला धरतात, तोडतात किंवा जोडतात, आणि स्वतः न संपतां पुढच्या कणाकडे वळतात. १८९७ सालीं एडुआर्ड बूख्नर यानें यीस्ट रगडून त्याचा रस काढला. त्या रसांत एकहि जिवंत पेशी नसतांना साखर आंबली. आंबण्याला जीव लागत नाहीं, जिवानें घडविलेलें हत्यार पुरतें, हें त्यावरून ठरलें. या शोधाबद्दल बूख्नरला १९०७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हत्यार सांपडल्यावर त्याचा वेग मोजणें क्रमप्राप्त होतें, आणि तेथेंच त्रैराशिक फसलें. आम्ही मुलांना शिकवितों: जितका माल दुप्पट, तितकें काम दुप्पट. १९०२ मध्यें एड्रियन ब्राउन या इंग्रज शास्त्रज्ञानें दाखविलें कीं साखर तोडणाऱ्या विकरास साखर पुष्कळ दिली तर तिचें प्रमाण आणखी वाढवूनहि वेग वाढत नाहीं. पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें व्हिक्टर आंरी यानें याला सूत्राचें रूप दिलें. पण त्याच्या प्रयोगांत द्रावणाचा आंबटपणा कायम राखलेला नव्हता, म्हणून त्याचे आंकडे डळमळीत राहिले.

तो डळमळीतपणा घालविला तो बर्लिनमध्यें, एका रुग्णालयाच्या लहानशा प्रयोगशाळेंत. लिओनोर मायकेलिस हा तेथें काम करणारा यहुदी डॉक्टर. विद्वत्ता असूनहि बर्लिनच्या विद्यापीठांत त्याला कायमची प्राध्यापकी मिळाली नाहीं. त्याच्याकडे कॅनडाहून मॉड मेंटन ही डॉक्टरीण आली, कारण तिच्या देशांत त्या काळीं स्त्रियांना संशोधनाचीं दारें फारशीं उघडत नसत. या दोन दुर्लक्षितांनीं १९१३ मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला तो आज जगांतील प्रत्येक जीवरसायनाच्या विद्यार्थ्यास पाठ असतो. त्यांनीं आंबटपणा स्थिर ठेवला, आणि साखर तुटूं लागल्याबरोबरचा पहिला वेग मोजला. 

त्यांचें सूत्र सोलापूरच्या भाषेंत असें सांगतां येईल. एका कारखान्यांत शंभर माग आहेत. सूत थोडें असेल तर माग रिकामे उभे राहतात. सूत दुप्पट आणलें कीं कापड जवळजवळ दुप्पट निघतें. येथवर त्रैराशिक खरें. पण एकदां सगळे माग चालूं लागले कीं दारांत सुताचा डोंगर रचला तरी कापड वाढत नाहीं, कारण प्रत्येक मागास एक पट्टा विणण्यास कांहीं वेळ लागतोच. माग म्हणजे विकर, सूत म्हणजे रंगाचे कण. जास्तींत जास्त वेग १०० धरूं, आणि ज्या प्रमाणाला वेग निम्मा होतो तें प्रमाण २० धरूं. याच आंकड्याला मायकेलिसचा स्थिरांक म्हणतात. मग वेग काढावयाचा तो असा: रंगाच्या प्रमाणाला १०० नें गुणावें, आणि रंगाचें प्रमाण अधिक २० या बेरजेनें भागावें. रंग ५ असेल तर वेग २०. रंग २० तर ५०. रंग ८० तर ८०. रंग १८० तर ९०. आणि वेग ९९ करावयाचा तर रंग १९८० हवा! ज्यांना शंका असेल त्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन पडताळा पाहावा.

आतां मँचेस्टरचें कोडें उलगडतें. गाळ राखून ठेवल्यानें सूत वाढलें नव्हतें. माग वाढले होते. आणि टांकींतील शेवटचा रंग जातां जात नाहीं तो कां, हेंहि याच सूत्रांत आहे. रंग ५ वर आला कीं वेगहि २० वर येतो. जसजसें कमी उरतें तसतसें काम मंदावतें. म्हणून पांढरें पाणी करण्यास पहिल्या नऊ आण्यांपेक्षां शेवटच्या एका आण्यास कधीं कधीं अधिक वेळ लागतो. ज्या विकराचा मायकेलिस-स्थिरांक लहान तें या शेवटच्या आण्याला अधिक उपयोगी.

१९२५ मध्यें केंब्रिजच्या ब्रिग्ज व हॉल्डेन या दोघांनीं अवघ्या दोन पानांच्या टिपणांत या सूत्राचा पाया अधिक पक्का केला. मायकेलिसनें विकर व साखर यांचें धरणें-सोडणें फार झपाट्यानें होऊन समतोल साधतें असें गृहीत धरलें होतें. या दोघांनीं दाखविलें कीं तें गृहीत न धरतांहि, धरलेल्या कणांची संख्या थोडा वेळ स्थिर राहते एवढें मानलें तरी सूत्राचें रूप तेंच येतें. हॉल्डेन त्या वेळीं सर गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागांत होते. त्याच विभागांत कांहीं वर्षांनीं एक मराठी मुलगी आली, तिचें नांव येथें घेतल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. कमला भागवत, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ मध्यें बंगलोरच्या संस्थेंत तिला केवळ ती मुलगी म्हणून सर चंद्रशेखर रामन यांनीं प्रवेश नाकारला. तिनें हट्ट धरला तेव्हां एक वर्षाच्या परीक्षेवर घेतलें. केंब्रिजला तिनें वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचें दाखविलें आणि १९३९ मध्यें डॉक्टरेट मिळविली. शास्त्रविषयांत ती मिळविणाऱ्या पहिल्या कांहीं भारतीय स्त्रियांपैकीं ती एक. लग्नानंतर कमला सोहोनी या नांवानें त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें शिकवूं लागल्या, कडधान्यांतील प्रथिनांवर व नीरेवर त्यांनीं काम केलें, आणि पुढें त्या संस्थेच्या संचालिकाहि झाल्या. विकरांची विद्या महाराष्ट्रांत रुजली ती अशा माणसांमुळें.

रंग आणि विकर या दोन कथा एकत्र आल्या त्या मात्र एका औषधामुळें. जर्मनींत गेरहार्ट डोमाक यानें प्राँटोसिल या तांबड्या ॲझो रंगाचा उंदरांवर प्रयोग केला. जंतुबाधा झालेले उंदीर वांचले. १९३५ मध्यें त्याचा निबंध आला आणि जगभर खळबळ उडाली. पण एक विचित्र गोष्ट होती. परीक्षानळींत हा रंग जंतूंवर टाकला तर कांहींच होत नसे! त्याच वर्षीं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें त्रेफुएल पतिपत्नी, नित्ती व बोव्हे यांनीं कारण शोधलें. शरीरांत गेल्यावर ॲझो-सांधा तुटतो, आणि औषध आहे तें तुटलेल्या अर्ध्या भागांत. तांबडा रंग हा नुसता पोशाख. हा सांधा तोडण्याचें पुष्कळसें काम आपल्या आंतड्यांतील जंतु करतात. त्यांच्या विकराला ॲझोरिडक्टेज म्हणतात. म्हणजे सोलापूरच्या ओढ्यांत ज्याचा शोध घ्यावयाचा तो कारागीर आपल्या पोटांतच बसलेला निघाला.

तो हवा नसलेल्या ठिकाणीं काम करतो हें ओघानेंच आलें. सांधा तोडण्यासाठीं विकराला इलेक्ट्रॉन लागतात. टांकींत प्राणवायु असेल तर तो ते इलेक्ट्रॉन आधींच पळवितो आणि रंग जसाच्या तसा राहतो. मँचेस्टरच्या पद्धतीनें भराभर हवा फुंकून मैला निवळतो पण रंग जात नाहीं, त्याचें हें कारण. १९८२ सालीं झ्यूरिचच्या शास्त्रज्ञांनीं हवेंतहि काम करणारें एक ॲझोरिडक्टेज स्यूडोमोनस जातीच्या जंतूपासून शुद्ध स्वरूपांत मिळविलें खरें. पण रंगाच्या रेणूवर ठरलेल्या जागीं हायड्रॉक्सिलचा गट नसेल तर तें त्याला हात लावीत नव्हतें.

आतां हॉल्डेनकडे पुन्हां वळूं. १९३० मध्यें त्यांनीं विकरांवर ग्रंथ लिहिला. त्यांत एका अडचणीच्या गोष्टीचा विचार आहे. कांहीं द्रव्यें थोडीं असतांना भक्ष्य आणि फार असतांना विष असतात. आपल्या मागाच्या उपमेंत सांगावयाचें तर सूत इतकें ओतलें कीं तें धोट्यांत आणि चाकांत गुंतून माग अडकूं लागले. हॉल्डेननें मायकेलिसच्या भाजकांत आणखी एक पद घातलें: रंगाच्या प्रमाणाचा वर्ग भागिले एक विषांक. आपण तो ३२० धरूं. मग काय होतें तें पाहा. रंग २० असतां वेग सुमारें ४८. रंग ८० असतां सुमारें ६७. हा सर्वांत मोठा वेग. रंग ३२० वर नेला तर वेग पुन्हां सुमारें ४८, आणि ६४० वर नेला तर अवघा ३३.

रंग २० असो कीं ३२० असो, वेग एकच! टांकीवर बसलेल्या माणसानें नुसता वेग मोजला तर टांकी उपाशी आहे कीं विषानें गुदमरली आहे हें त्याला सांगतां येणार नाहीं. आणि दोन्हींवर उपाय अगदीं उलटे आहेत. पहिलींत अधिक पाणी सोडावें, दुसरींत बंद करावें. याहून भयंकर गोष्ट पुढें आहे. रंग ८० च्या खालीं असतांना चुकून थोडा जास्त आला तर वेग वाढतो व टांकी स्वतःच सांवरते. ८० च्या वर असतांना थोडा जास्त आला तर वेग घटतो; वेग घटला म्हणून रंग सांचतो; रंग सांचला म्हणून वेग आणखी घटतो. एखाद्या दिवशीं कारखान्यानें सगळीं पिंपें एकदम मोकळीं केलीं आणि टांकी मेली, असें आपण ऐकतों तेव्हां त्यामागें हें गणित असतें. शंभर लिटर रंगीत पाणी तासाभरांत सोडणें आणि तेंच दिवसभरांत हळूहळू सोडणें यांत रंगाची बेरीज एकच, पण एकांत टांकी जगते आणि एकांत मरते.

विकराचें गणित संपूर्ण जंतूला लावण्याचें काम फ्रान्समध्यें झाक मोनो यानें १९४२ मध्यें केलें. जंतूंची वाढहि भक्ष्याच्या प्रमाणाप्रमाणें तशीच वांकड्या रेषेनें वाढते व थांबते हें त्यानें दाखविलें. १९६८ मध्यें जॉन अँड्र्यूज या अमेरिकन इंजिनियरानें हॉल्डेनचें विषाचें पद मोनोच्या सूत्रांत घालून तें वाहत्या टांक्यांना लागू केलें. हॉल्डेन हें पाहावयास नव्हते. ते १९५७ मध्यें इंग्लंड सोडून कलकत्त्यास आले होते, धोतर-सदरा घालीत, भारताचे नागरिक झाले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजीं भुवनेश्वर येथें वारले.

आपल्या राज्यांत जलप्रदूषणाचा कायदा १९६९ चा, आणि त्याखालचें मंडळ १९७० चें. नागपूरची संस्था, जिला आज आपण नीरी म्हणतों, ती १९५८ मध्यें स्थापन झालेली. पण वस्त्रोद्योगाच्या रंगांवर चिकाटीनें जंतुसंशोधन झालें तें कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत. तेथील जीवरसायन विभागांत प्रा. संजय गोविंदवार व त्यांचे विद्यार्थी यांनीं एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून रंगानें बाटलेल्या मातींतूनच जंतु वेंचून काढले. ही दृष्टि मला फार शहाणपणाची वाटते. ज्या मातीनें वर्षानुवर्षें रंग प्यायला तिच्यांतच तो पचविणारा निपजणार. स्यूडोमोनस एसयूके-१ या त्यांच्या जंतूचे निबंध २००८ पासून प्रसिद्ध आहेत. केवळ रंग गेला एवढ्यावर हे लोक थांबले नाहींत. कोणतीं विकरें वाढलीं, रेणूचे तुकडे कोणते झाले, हें त्यांनीं पाहिलें. ॲझोरिडक्टेजबरोबर लॅकेज व लिग्निन पेरॉक्सिडेज हीं, लांकूड कुजविणाऱ्या बुरशींत आढळणारीं विकरेंहि या कामांत भाग घेतात असें त्यांना दिसलें.

अमाइनांचा जो धोका मीं आरंभीं सांगितला त्यावरचा तोडगा आज सर्वमान्य आहे. दोन टांक्या कराव्या. पहिलींत हवा नको. तेथें सांधा तुटतो. दुसरींत हवा हवी. तेथें दुसरे जंतु अमाइनांच्या कड्या फोडून त्यांचा शेवट करतात. ऐकावयास सोपें, पण येथेंहि गणित आडवें येतें. पहिली टांकी तासाला ९० भाग अमाइन सोडीत असेल आणि दुसरीचा वेग ३० असेल, तर दर तासाला ६० भाग अमाइन न सुधारतां बाहेर पडेल, आणि तें पाणी डोळ्यांना काचेसारखें स्वच्छ दिसेल. पहिली टांकी जितकी चांगली तितका हा धोका मोठा, जर दुसरीकडे दुर्लक्ष झालें तर. ज्या टांकीचा वेग कमी तिच्याकडे खर्च अधिक व्हावयास पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं खर्च होतो तो जेथें रंग उडतो तेथें, कारण तपासावयास येणारा अधिकारी रंग पाहतो.

शिवाय हे आंकडे काढतात ते एका रंगावर, ३० अंशांच्या आसपास, प्रयोगशाळेंतील बाटलींत. सोलापूरच्या पाण्यांत एका वेळीं अनेक रंग असतात, आणि ते एकाच विकराच्या जागेसाठीं भांडतात. रंग सुतांत उतरावा म्हणून घातलेलें मीठ असतें. तें पुष्कळ जंतूंना सोसत नाहीं. आणि आपल्याकडे मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. दहा अंश उष्णता वाढली कीं विकराचा वेग साधारण दुप्पट होतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढें प्रथिन विसकटतें व वेग एकदम कोसळतो. म्हणून युरोपांतल्या टांकीचे स्थिरांक उतरवून घेऊन येथें टांकी बांधणें म्हणजे लंडनच्या हवेचें पंचांग पाहून ज्वारी पेरण्यासारखें आहे. त्या त्या गांवच्या पाण्यावर, त्या त्या ऋतूंत, हे दोन-तीन आंकडे नव्यानें काढावे लागतात. त्यासाठीं फार मोठीं यंत्रें लागत नाहींत. वेळोवेळीं नमुने घेऊन रंग मोजणारें एक साधें उपकरण आणि आलेख काढणारा एक सावध माणूस एवढें बहुधा पुरतें.

अमाइन राहिलें कीं गेलें हें नेमकें ठरविण्यास मात्र महाग उपकरणें लागतात. त्यांच्या जोडीला कोल्हापूरच्या संशोधकांनीं वापरलेली एक रीत आपल्या भागांतील कोणालाहि समजेल अशी आहे. रंगाचें मूळ पाणी, जंतूंनीं शुद्ध केलेलें पाणी आणि साधें पाणी अशा तिन्हींत ज्वारीचें व उडदाचें बीं वेगवेगळें भिजत घालावयाचें, आणि किती दाणे रुजले, मोड किती लांब आले, मूळ किती खोल गेलें हें मोजून मांडावयाचें.